बॅटरी भरायला किती वेळ लागतो?

गाडीची उतरलेली बॅटरी, गाडी चालवून परत भरायला किती वेळ लागतो? हा प्रश्न तुम्ही चार जणांना विचारून बघा. मी विचारला आहे. शेजारचा मुलगा म्हणाला, "पंधरा मिनिटं, काका. बास." रिक्षावाला म्हणाला, "दहा किलोमीटर मारा, फुल्ल होते." हॉस्पिटलच्या दारावरचा वॉचमन म्हणाला, "अर्धा तास जागेवरच रेस करा." आणि बॅटरीच्या दुकानातला माणूस म्हणाला, "गाडीवर भरतच नाही हो ती. इथं ठेवून जा, उद्या सकाळी न्या."

चौघांच्याही चेहऱ्यावर एकाच प्रकारचा आत्मविश्वास होता. परीक्षेत उत्तर येत नसलेली मुलं असाच चेहरा करून लिहितात, हे मी चौतीस वर्षं पाहिलेलं आहे. पण गंमत अशी की हे चौघंही अडाणी नव्हते, आणि पुढे कळलं की चौघांच्याही उत्तरात थोडं थोडं खरं होतं.

मी शिकवायचो मराठी आणि इतिहास. बी.ए. मराठीचा माणूस. विजेशी माझा संबंध म्हणजे वर्गातला पंखा बंद पडला की शिपायाला हाक मारणे, एवढाच. लहानपणी सायकलला डायनामो होता. चाकाच्या टायरला घासणारी ती बाटली आणि पायडल जोरात मारलं की उजळणारा, चढावर मंद होणारा दिवा. मोटारीतही तसंच काहीतरी असणार, यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. या वयात वही घालून बॅटरीचा अभ्यास करायची वेळ का आली, ते आधी सांगतो.

२०२२ सालच्या दिवाळीनंतर हिचं डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आमची वेळ पहिल्या पाळीची, सकाळी साडेसहाची. चार तास मशीनवर. हॉस्पिटल घरापासून साडेतीन किलोमीटर. मुलगी पुण्याला असते. ती पहिल्यापासून म्हणत होती, "बाबा, गाडी काढून टाका. मी महिन्याने रिक्षावाला ठरवून देते. पंच्याहत्तरीला आलात, कशाला चालवता?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण डायलिसिस करून बाहेर आलेलं माणूस तिने तेव्हा फारसं पाहिलेलं नव्हतं. चार तासांत शरीरातून दोन-अडीच लिटर पाणी काढून घेतात. रक्तदाब खाली येतो, पायात गोळे येतात, डोळ्यापुढे अंधारी येते. अशा बाईला साताऱ्याच्या चढउतारांवर रिक्षात बसवून हिंदकळत आणायचं? गाडीची पुढची सीट मागे पाडता येते. ही डोळे मिटून पडते आणि बारा मिनिटांत आम्ही घरी. त्या मागे पडणाऱ्या सीटसाठी गाडी हवी होती. गाडी म्हणजे २०१४ सालची छोटी पेट्रोल गाडी, पण आमच्यापुरती ठणठणीत.

२०२३ च्या जुलैत, एका गुरुवारी, पहाटे पावणेसहाला गाडी चालू झाली नाही.

पाऊस धो धो. चावी फिरवली तर आतून नुसतं टक् टक् टक् टक्. डॅशबोर्डवरचे दिवे लागले आणि हळूहळू विझत गेले. ही मागे जिन्याच्या पायरीवर छत्री धरून उभी. तिच्या तोंडावरची सूज मला बल्बच्या उजेडातही दिसत होती, कारण मंगळवारपासून साठलेलं पाणी होतं ते. डायलिसिसची पाळी म्हणजे एस.टी. नव्हे, एक चुकली तर अर्ध्या तासाने दुसरी मिळत नाही. मशीन मोजकी, माणसं ठरलेली. सकाळची पाळी गेली तर रात्री उशिरा कुणी आलं नाही तरच जागा, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

शेजारच्या मुलाला उठवलं. त्याच्याकडे जंपर केबल होत्या. त्याने आपली गाडी आमच्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली. लाल वायर आमच्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक त्याच्या प्लसला. काळी त्याच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक मात्र आमच्या बॅटरीला नाही, तर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. हे शेवटचं का, ते मी नंतर विचारलं. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, ती बॅटरीपासून लांब उडालेली बरी. तीन-चार मिनिटांनी गाडी चालू झाली. "आता बंद करू नका काका. पंधरा मिनिटं चालली की झालं."

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये पोचलो. मावशींनी व्हीलचेअर आणली, ही आत गेली. आणि मग मी तिथे, चालू गाडीत, समोर "कृपया वाहन बंद करा" अशी पाटी, आणि चावीवर हात. बारा मिनिटं झाली होती. बंद करू की नको? बंद केली आणि साडेदहाला पुन्हा टक् टक् झालं, तर थकलेल्या हिला घेऊन मी काय करणार? किती वेळ चालवली म्हणजे बंद करायला हरकत नाही? हा प्रश्न मला ज्ञानासाठी पडलेला नव्हता हो, तिथे पोर्चमध्ये पडला होता. मागून अँब्युलन्सने हॉर्न दिला. वॉचमनने रेस करायचा सल्ला दिला तो याच वेळी. बाजूच्या रिक्षावाल्याने दहा किलोमीटरचा. शिवाय एकाने, बॅटरीची एक वायर काढून बघा, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, असंही सांगितलं. ते मात्र मी केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. जुन्या गाड्यांवर लोक करायचे. नव्या गाडीत चालू इंजिनावर वायर काढली तर विजेचा दाब एकदम उसळतो आणि गाडीतला कॉम्प्युटर जळू शकतो.

मी सरळ गाडी हायवेला घेतली. शेंद्रे ओलांडून नागठाण्यापर्यंत गेलो आणि परत आलो. वाढे फाट्याकडे गेलो नाही, कारण त्या बाजूला आनेवाडीचा टोलनाका लागतो. (शिक्षकाचं पेन्शन आहे. संकटातही डोकं शाबूत ठेवावं लागतं.) परत येऊन हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, उतारावर, नाक खाली करून गाडी उभी केली. साताऱ्यात उताराला तोटा नाही. वेळ पडलीच तर दुसऱ्या गिअरमध्ये सोडता येईल, असा हिशेब. मग बंद केली, दहा आकडे मोजले आणि चावी फिरवली. इंजिनाने जरा आढेवेढे घेतले, पण चालू झालं.

त्या दुपारी ही झोपल्यावर मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोन केला. तेही निवृत्त, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. प्रश्न ऐकून ते म्हणाले, "कुठून कुठपर्यंत भरायची आहे, ते आधी सांग." त्यांची सवयच ती. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की प्रश्नच दुरुस्त करून परत द्यायचा. पण तासभर बोललो आणि डोक्यात उजेड पडला.

लोकांना वाटतं गाडी चालू करायला फार वीज लागते. लागते, पण फार थोडा वेळ. स्टार्टर फिरताना दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, म्हणजे घरातल्या कुठल्याही यंत्राने लाजावं इतका प्रवाह. पण तो सेकंद-दोन सेकंद. दोनशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे चारशे अँपिअर-सेकंद. तासाच्या हिशेबात ०.११ अँपिअर-तास. आमच्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे शंभर भागांतला तिसरा भागसुद्धा नाही खर्च झाला. एवढं भरून यायला अल्टरनेटरला एखाद-दोन मिनिटं पुरतात. तेव्हा निरोगी बॅटरी, एकदा चालू केलेली गाडी, एवढंच असेल तर शेजारच्या मुलाचं पंधरा मिनिटांचं उत्तर उदारच म्हणायचं.

पण बॅटरी जर पार उतरलेली असेल, तर गोष्टच वेगळी.

इथे सरांनी अल्टरनेटर समजावून सांगितला. इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो, इंजिनाच्या दुप्पट-अडीचपट वेगाने. माझ्या सायकलच्या बाटलीचाच मोठा भाऊ, फक्त शहाणा. जुन्या अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाटमध्ये डायनामो असायचा. तो इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ वीजच द्यायचा नाही. चौकात गाडी उभी राहिली की डॅशबोर्डवर लाल दिवा मिणमिणायचा, तो आमच्या पिढीने पाहिलेला आहे. १९६० च्या दशकात सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि गाड्यांत अल्टरनेटर आला. तो उलटसुलट वीज करतो, डायोड ती सरळ करतात. मंद इंजिनावरही तो थोडीफार वीज देतो, पण थोडीफारच. साठ-सत्तर अँपिअरचा म्हणून जो आकडा त्याच्यावर लिहिलेला असतो, तो जोरात फिरतानाचा. उभ्या गाडीत त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. म्हणून वॉचमनचं "रेस करा" अगदीच खोटं नव्हतं. मात्र तासभर जागेवर रेस करून धूर करण्यापेक्षा रस्त्यावर चालवावी हे बरं.

आता गाडीत खाणारी तोंडं किती ते पाहा. इंजिनाचं स्वतःचं, म्हणजे पेट्रोलचा पंप, ठिणगी, कॉम्प्युटर मिळून आठ-दहा अँपिअर. पुढचे दिवे आठ-नऊ. काचेवरचं धुकं घालवायला पंखा लावला तर आणखी आठ-दहा. वायपर चार. पावसाळ्यातल्या पहाटे ही सगळी पंगत एकदम बसलेली असते. आधी त्यांना वाढायचं, उरेल ते बॅटरीला. बॅटरी आपली घरातल्या बाईसारखी, शेवटी जेवणारी. (हे वाक्य हिने वाचलं आणि म्हणाली, "आता राहू द्या. खरं आहे ते.")

पण यातही खरी मेख वेगळीच आहे. समजा, अल्टरनेटरकडे भरपूर वीज उरली. तरी बॅटरी ती सगळी घेत नाही. अल्टरनेटरचा दाब ठरलेला असतो, सव्वाचौदा व्होल्टच्या आसपास. त्याहून जास्त दिला तर बॅटरीतलं पाणी उकळल्यासारखं फुटू लागतं, त्याचा वायू होतो. रिकाम्या बॅटरीचा स्वतःचा दाब बारा. दोहोंत फरक मोठा, म्हणून वीज धो धो आत जाते, वीस-पंचवीस अँपिअर. जसजशी भरते तसतसा तिचा दाब वर येतो, फरक कमी होतो, आणि धार बारीक होत जाते. दहा, मग पाच, मग दोन, मग एक. मी मनाशी एस.टी.चं उदाहरण घेतलं. स्टँडवर रिकामी गाडी लागते तेव्हा पहिले तीस लोक दोन मिनिटांत बसतात. शेवटच्या दहांना मात्र "जरा सरका", "ती पिशवी वर ठेवा", असं करत करत पाच मिनिटं लागतात. बॅटरीतही तसंच आहे. आत शिशाच्या जाळ्या आहेत, त्यांच्या पृष्ठभागावरचं काम झटपट होतं; जाळीच्या आत खोलवर आम्ल झिरपत जाऊन तिथलं काम व्हायला वेळच लागतो. जोर लावून तो कमी होत नाही.

तर उत्तर असं निघालं. आमच्यासारखी निम्मी उतरलेली बॅटरी हायवेवर तासभर चालवली तर साधारण पंच्याहत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत येते. उरलेल्या वीस टक्क्यांना आणखी चार-पाच तास, कधी जास्तच. पार मेलेली असेल तर गाडीवर भरूच नये. अल्टरनेटर हा झालेला खर्च भरून द्यायला बनवलेला असतो, रिकामी विहीर भरायला नव्हे. तो तापतो, आणि बिघडला की बॅटरीच्या कितीतरी पट खर्च. बॅटरीच्या दुकानदाराचं "इथं ठेवून जा" त्या अर्थाने शंभर टक्के खरं होतं.

शनिवारी हिला आत सोडून मी गॅरेजला गेलो. गॅरेजचा मालक माझा जुना विद्यार्थी. इतिहासात जेमतेम पास व्हायचा. पानिपतच्या लढाईचं साल तीन वेळा वेगवेगळं लिहिलेला. पण हातात मीटर घेतला की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी वर्गात कधी पाहिलं नव्हतं. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत होता, सगळे दिवे आणि पंखा लावून १३.९. "हा खणखणीत आहे, गुरुजी." मग स्टार्टर मारताना बॅटरी बघितली तर ८.७ पर्यंत कोसळत होती. साडेनऊच्या खाली जाऊ नये म्हणतात. बॅटरीवरचा शिक्का साडेचार वर्षांपूर्वीचा. "हिचं आयुष्य झालं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एवढी टिकली हेच खूप." नवी बसवली. मग त्याने विचारलं, "गाडी चालते किती?"

मी सांगितलं, आठवड्यात तीन दिवस, जाऊन-येऊन सात किलोमीटर.

"मग गुरुजी, हीपण उतरणार."

आणि त्याने मला एक छोटा मीटर दिला आणि मोजायला शिकवलं. पैसे घेतले नाहीत. ते घ्यायला लावायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. त्यानेच सांगितलं की गाडी बंद केल्या केल्या मोजू नका, ते खोटं येतं, तेरा दाखवेल. रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चालू करायच्या आधी मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे फक्त पाव. किती बारीक फरक आहे बघा. बारा आणि साडेबारा ऐकताना सारखंच वाटतं.

मग मी वही घातली. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर जमा. गाडी उभी असतानाही वीज खाते. घड्याळ, कुलपाचा रिमोट, कॉम्प्युटरची आठवण. आमच्या गाडीचं हे खाणं विद्यार्थ्याने मोजून दिलं, ३० मिलिअँपिअर. क्षुल्लक वाटतं, पण दिवसाचे २४ तास धरले तर ०.७२ अँपिअर-तास, आठवड्याला ५. जमेला काय? आठवड्याच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी बारा मिनिटांच्या, म्हणजे एकूण बहात्तर मिनिटं. त्यातही निम्मा वेळ पोवई नाक्यासारख्या गर्दीत मंद इंजिनावर आणि पाऊस असेल तर वर सांगितलेली पंगत. बसवली त्या आठवड्यात १२.६६. तीन आठवड्यांनी १२.४८. सहा आठवड्यांनी १२.३६. विद्यार्थी बरोबर होता. शिवाय अशी अर्धपोटी बॅटरी नुसती अर्धपोटी राहत नाही. उतरताना जाळ्यांवर शिशाचं सल्फेट धरतं. लवकर भरली तर ते विरघळतं, तसंच राहिलं तर त्याचे खडे होतात आणि मग कितीही वीज द्या, ते जात नाहीत. लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या मार्चपासून उभ्या राहिलेल्या किती गाड्यांच्या बॅटऱ्या अशाच गेल्या.

यावर उपाय समोरच होता. हिचे चार तास मी बाहेर बाकावर बसून काढायचो. मग ठरवलं, शनिवारी तासभर नागठाणे. दिवे बंद, एसी बंद, काच उघडी. पहिल्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी १२.४९. पुढच्या शनिवारनंतर १२.५४. त्याच्या पुढच्या १२.५७. बघा, पहिल्या तासाने १३ पॉइंट चढले, दुसऱ्याने ५, तिसऱ्याने ३. मध्ये आठवडाभराचा खर्चही आहे, हे मान्य. तरी सरांनी सांगितलेली बारीक होत जाणारी धार मला माझ्या स्वतःच्या अक्षरात दिसली. नोव्हेंबरात एका लग्नाला मी एकटाच पुण्याला जाऊन आलो, जाऊन-येऊन पाच तास गाडी चालली, तेव्हा कुठे १२.६४ झाली.

हिला मी हे सगळं सांगायचो. तिने एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मला मशीनला लावायचं, आणि तुम्ही जायचं गाडीला मशीनला लावायला." आम्ही दोघंही हसलो. पण मला ते लागून राहिलं, म्हणून डायलिसिसच्या तंत्रज्ञ मुलीला मी एकदा विचारलं, "हे चार तासांचं दोन तासांत नाही का हो होणार? मशीन जोरात चालवून?" ही माझी रोजची इच्छा होती, बॅटरीच्या आधीपासूनची. ती मुलगी म्हणाली, "नाही काका. सुरुवातीला रक्तात घाण जास्त असते आणि आमच्या पाण्यात काहीच नसते, म्हणून भराभर बाहेर येते. जशी कमी होईल तसा फरक कमी होतो, मग हळू. आणि रक्तातलं निघालं तरी शरीरात आत खोल असतं, ते रक्तात यायला वेळ लागतो. पाणीपण तसंच. घाईने ओढलं तर बीपी पडतो."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. दोन्ही ठिकाणी अगदी एकच गोष्ट. इथे मला निबंध सुचत होता, तुम्हाला वाचताना सुचला असेल. तो मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की त्या दिवसापासून चार तास मला चार तासच वाटायला लागले. पूर्वी मी तिसऱ्या तासाला आत डोकावून "झालं का?" विचारायचो. ते बंद झालं.

घरी येताना गाडीत आमचं आकड्यांचं बोलणं व्हायचं. ही मागे टेकून, डोळे मिटून विचारायची, "किती आली?" मी सांगायचो, "उद्या सकाळी कळेल. तुझं?" "दोन किलो तीनशे काढलं." बोलायला त्राण नसायचं तिला, तरी एवढं बोलायची.

आता पैशांचा हिशेब. तो शिक्षकाच्या घरात चुकत नाही. शनिवारची फेरी चाळीस किलोमीटरची, सव्वादोन लिटर पेट्रोल, दोनशे तीस-चाळीस रुपये. त्यातून बॅटरीत जास्तीत जास्त किती वीज जाते? वीस अँपिअर-तास धरा, गुणिले चौदा व्होल्ट, म्हणजे २८० वॅट-तास. आपल्या मीटरवरचं पाव युनिट! चार्जरमधली गळती धरून फार तर अर्धं म्हणा. घरच्या दराने चार-पाच रुपये. चार-पाच रुपयांची वीज मी सव्वादोनशे रुपयांना विकत घेत होतो, वर टायर झिजवून. विज्ञानाच्या सरांना सांगितलं तर म्हणाले, "पेट्रोल गाडी चालवायला जळलं, बॅटरीला नव्हे. तू कुठे तरी गेलास, त्याचे पैसे ते." सर म्हणतात ते बरोबर असतं. पण मी नागठाण्याला कशाला गेलो होतो, हे त्यांना कोण सांगणार?

खरं म्हणजे जाणं मला आवडायला लागलं होतं. उसाचा हंगाम असला की शेंद्र्याच्या कारखान्याजवळ मळीचा तो जाड गोडसर वास यायचा. नागठाण्याला एका टपरीवर चहा. गाडी चालूच ठेवायची म्हणून मी पहिल्यांदा गाडीतच चहा मागितला, तर टपरीवाली बाई म्हणाली, "बाबा, बंद करा की. कुनी न्हेत न्हाई ती." मी तिला अल्टरनेटर समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मंग बिस्कीट देऊ?"

घरच्या विजेवर भरायची तर पार्किंगमध्ये प्लग हवा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. वायर खाली सोडायची तर तीन गॅलऱ्यांतून जाते. सोसायटीला अर्ज दिला. दोन सभा झाल्या. एकाला आज प्लग दिला तर उद्या सगळे मागतील, असा मुद्दा निघाला. ते खरंही होतं, कारण दोघांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या होत्या. त्यातल्याच एकाची गाडी नंतर महिनाभर उभी राहून बंद पडली. मोठी बॅटरी भरलेली, पण दिवे-कुलपं चालवणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली! इतकी वीज पोटात, आणि दार उघडेना. त्या गाड्यांनाही ती छोटी असतेच, हे तेव्हा सगळ्यांना कळलं, आणि माझा अर्ज तिसऱ्या सभेत पाच मिनिटांत मंजूर झाला. वेगळा सबमीटर, पैसे माझे.

चार्जर एकोणीसशे रुपयांना आला, चार अँपिअरचा. भरत आली की धार आपोआप बारीक करतो, आणि भरली की हिरवा दिवा. आता शुक्रवारी रात्री जेवण झालं की खाली जातो. आधी टर्मिनलवर पांढरी भुकटी धरली आहे का बघतो. असली तर गाडी बंद ठेवून गरम पाणी आणि खायचा सोडा. मग लाल, मग काळी, मग प्लग. रात्री नऊला लावलं की साधारण चारच्या सुमाराला हिरवा दिवा लागलेला असतो. सात तास. शनिवारी पहाटे काढतो, आकडा वहीत लिहितो आणि वर जाऊन हिला उठवतो.

नागठाण्याला आता जायची गरज नाही. तरी महिन्यातून एखाद्या शनिवारी जातो. गाडी बंद करून चहा घेतो.